तांत्रिक मदत मागताना

वसतिगृहातून बाहेर पडलेले आपले अनेक विद्यार्थी आज संगणक क्षेत्रात, बँकांत आणि शासकीय कार्यालयांत काम करीत आहेत. धाकट्यांच्या अडचणी सोडविण्यास ते आपुलकीने पुढे येतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशप्रक्रिया, बिघडलेला संगणक अशा विषयांवरील प्रश्न माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप समूहांवर नित्य येत असतात. त्यांपैकी पुष्कळसे अनुत्तरित राहतात. जाणकारांची अनास्था हे त्याचे कारण क्वचितच असते. बहुधा प्रश्नातच उत्तर देणाऱ्याच्या हाती लागेल असे काही नसते.

‘सर, साइट चालत नाही. अर्जंट आहे. कृपया मदत करा.’ या तीन वाक्यांत विनंती आहे, घाई आहे. माहिती मात्र नाही. कोणते संकेतस्थळ, मोबाइलवर की संगणकावर, कोणत्या पायरीपर्यंत काम झाले, नंतर पडद्यावर काय उमटले, यांपैकी काहीच कळत नाही. सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रामरने १९९९ मध्ये संगणकातील दोष कसे कळवावेत यावर एक निबंध लिहिला. आपण काय केले, काय घडले आणि काय घडणे अपेक्षित होते, हे सविस्तर सांगा, असा त्याचा आग्रह आहे. पाव शतक उलटले तरी याहून चांगला सल्ला माझ्या पाहण्यात नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवे वाटणार नाही. शिलालेख प्रसिद्ध करताना प्रथम ठसा देतात, मग वाचन, आणि अर्थनिर्णय त्यानंतर. ठसा समोर असला की वाचनातील चूक दुसरा अभ्यासक दुरुस्त करू शकतो. तांत्रिक प्रश्नात पडद्यावरील संदेश हा ठसा होय. तो जसाच्या तसा, अक्षरशः द्यावा. ‘काहीतरी एरर आला’ असे म्हणू नये. आपला तर्क अवश्य सांगावा, पण तो तर्क आहे हे स्पष्ट करून.

स्मरणिकांच्या कामात वारंवार येणारे एक उदाहरण घेऊ. ‘लेखाची फाइल उघडली तर मराठी नीट दिसत नाही, कोणता फॉन्ट टाकू?’ या ‘नीट दिसत नाही’मध्ये निदान तीन वेगळे प्रकार दडलेले असतात. देवनागरीऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे व चिन्हे दिसत असतील, तर मजकूर बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. तोच फॉन्ट बसवावा, किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर युनिकोडमध्येच असून निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, असा संभव अधिक. आणि अक्षरे ओळखू येतात पण जोडाक्षरे सुटी पडली आहेत, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे गेली आहे, रफार भलत्याच ठिकाणी आहे, असे असेल तर फॉन्टपेक्षा देवनागरीची जुळणी न करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे संशय जातो. तिन्हींचे उपाय निराळे. ‘जोडाक्षरे तुटली आहेत’ एवढे तीन शब्द लिहिले असते, तर जाणकाराचा अर्धा तास वाचला असता.

दुसरा प्रकार अधिक नुकसानकारक आहे. विद्यार्थी आजार न सांगता स्वतःच ठरविलेले औषध मागतो. ‘महाडीबीटीवर बँक खाते कसे बदलावे?’ असे विचारले जाते. मूळ अडचण असते ती शिष्यवृत्ती जमा न झाल्याची. आधारच्या आधारे येणारी रक्कम, ज्या बँकेशी आधारची जोडणी सर्वांत अलीकडे झाली, त्या बँकेतील खात्यात जाते. मधल्या काळात दुसऱ्या बँकेत खाते उघडून तेथे जोडणीस संमती दिली असेल, तर पैसे तिकडे जमा होतात आणि विद्यार्थी जुने पासबुक भरून आणीत राहतो. कोणती बँक जोडलेली आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर स्वतःच पाहता येते. अर्ज महाविद्यालयाच्याच स्तरावर अडकला असेल, तर बँकेत शंभर खेपा घालूनही उपयोग नाही. म्हणून मूळ हेतू आधी सांगावा: ‘शिष्यवृत्ती आली नाही, अर्जाची स्थिती अशी दिसते, आधारला अमुक बँक जोडलेली आहे.’

विचारण्यापूर्वी संकेतस्थळावरील सूचना वाचाव्यात आणि आपण काय करून पाहिले ते लिहावे. फोटो चढत नसेल, तर बरेचदा उत्तर तिथेच असते: मर्यादा केबीमध्ये आणि मोबाइलने काढलेला फोटो काही एमबीचा. एकच प्रश्न पाच जणांना स्वतंत्रपणे पाठवू नये. पाचही जण आपला वेळ खर्च करतात आणि एकालाही दुसऱ्याचे उत्तर दिसत नाही. समूहावर पडद्याचे चित्र टाकताना आधार व खाते क्रमांक झाकावेत. ओटीपी आणि पासवर्ड कोणालाही देऊ नयेत, मदत करणाऱ्या वडीलधाऱ्या दादालाही नाही. आणि काम झाल्यावर कशाने झाले, हे त्याच ठिकाणी लिहावे. नुसते ‘धन्यवाद सर’ पुढच्या विद्यार्थ्याच्या कामाचे नाही.

आपल्या मुलांच्या प्रश्नांत एक गोष्ट मला विशेष खटकते: अर्धा मजकूर क्षमायाचनेचा असतो. ‘मला काही कळत नाही, त्रास देतो, माफ करा.’ या लाचारीची गरज नाही. नेमका मांडलेला प्रश्न हाच उत्तर देणाऱ्याचा खरा आदर होय, आणि तो विचारणाऱ्याची मानही ताठ ठेवतो.

मात्र सगळा भार विचारणाऱ्यावर टाकणे न्याय्य नाही. अनेकांच्या घरात संगणकाला हात लावणारी ही पहिलीच पिढी आहे. काय सांगावे हे कळण्यासाठीही थोडे ज्ञान लागते. अशा वेळी ‘एवढेही येत नाही?’ असे म्हणण्याऐवजी ‘पडद्यावर आता काय दिसते?’ असे विचारावे. हिणवला गेलेला मुलगा समूहावर पुन्हा तोंड उघडत नाही. तो तालुक्याच्या गावी एखाद्या केंद्रावर जातो, पैसे मोजतो, आणि केंद्रचालक स्वतःचा मोबाइल क्रमांक घालून त्याचा अर्ज भरून देतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची मुदत संपत आलेली असते, तेव्हा ओटीपी त्या केंद्रचालकाच्या मोबाइलवर जात असतो.