उपदेशापेक्षा भोवताल बदला

शाळेत वर्षातून एकदा व्यसनमुक्तीचे व्याख्यान होते, कर्करोगाची चित्रे दाखवतात, मुले शपथ घेतात. फाटकाबाहेरचा पानठेला मात्र तसाच राहतो. मुलांना घाबरवण्यापेक्षा त्यांचा भोवताल बदलणे जास्त उपयोगी, हे आइसलँडने दाखवून दिले. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिनाभरात दारूची झिंग अनुभवली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. नियमित पाहणी, खेळ आणि संगीताच्या वर्गांना अनुदान, रात्री ठरलेल्या वेळेआधी घरी परतण्याचा नियम, पालकांचे आपसांतले करार असे सगळे एकत्र चालले. संध्याकाळ भरलेली असली आणि घरचे सोबत असले, की नशेला वाव कमी उरतो.

चिमुकल्या, श्रीमंत देशाला जमले ते आपल्याला कसे जमणार, हा आक्षेप रास्त आहे. पण गडचिरोलीकडे कुठे पैसा होता? तिथे लोकांच्या रेट्यातून १९९३ मध्ये दारूबंदी आली आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानात गावोगावच्या संघटना दारू-तंबाखूविरुद्ध उभ्या राहिल्या. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा तिथे पोरासोरांच्याही हाती पडतो. तो रोखायला गावच हवे. बंदीने चोरटी विक्री वाढते, असे म्हणतात. नुसत्या बंदीने वाढतेच, म्हणून तर पाळत ठेवणारी माणसे लागतात. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. पुढच्या पालकसभेतून ते अंतर मोजायला दोघातिघांनी निघावे, आणि जो मुलगा आधीच अडकला आहे त्याला शाळेतून काढण्याऐवजी समुपदेशकाकडे न्यावे.