करवंदीची वई उपटू नका, छाटा
बांधावरची करवंदीची वई वर्षानुवर्षं छाटली नाही, की वर छत्रीसारखी पसरते आणि बुडाशी उघडी पडते. गाडीवाट अडते, गुरं मात्र खालून खुशाल शिरतात. मग वैतागून कुणी ती पेटवतो, कुणी उपटतो. तसं करू नये. करवंद सदाहरित, चिवट झुडूप. जुन्या खोडालाही धुमारे फुटतात.

मे-जूनमध्ये फळं उतरली, पहिला पाऊस झाला, की धारदार कोयत्यानं यंदा एकच बाजू खोलवर छाटावी. दुसरी पुढच्या साली. बूड रुंद, शेंडा निमुळता ठेवावा. खाली ऊन पोचलं, की पाला तळापासून भरतो. तोवर छाटलेल्या काट्या खिंडारात दाबाव्यात. तारेचं कुंपण गंजतं. वई राखली तर कुंपणही टिकतं आणि करवंदंही मिळतात.