'कुठे आहे?' आणि 'आहे का?'

पायथॉनमध्ये शब्द शोधायचा म्हटलं की हात आपोआप 'फाइंड'कडे जातो. 'पुणे स्टेशन'मध्ये 'पुणे' शोधा, उत्तर येतं 0. मोजणी शून्यापासून, आणि शब्द अगदी सुरुवातीला. पण 'इफ'च्या लेखी शून्य म्हणजे खोटं! सापडलेला शब्द 'नाही' ठरतो. उलट 'नाशिक' शोधलं तर मिळतं -1, आणि शून्य सोडून कुठलाही आकडा 'इफ'ला खराच वाटतो. झालं, नसलेला शब्द सापडला! शब्द मधे कुठेतरी असेल तेव्हा मात्र उत्तर बरोबर येतं, आणि टेस्टिंगला आपण बहुधा तेच उदाहरण घेतो. एररही येत नाही. (जावावाल्यांना ही भानगड नाही, तिथे 'इफ'मध्ये नुसता आकडा चालतच नाही.)

'फाइंड' सांगतं 'कुठे आहे'. 'आहे का' एवढंच हवं असेल तर सरळ 'इन' वापरा.

अर्थात 'इन'ही डोळे झाकून नको. समजा, डिफॉल्टर लिस्ट '5,112,140' अशी एकाच स्ट्रिंगमध्ये आहे. त्यात '12' शोधलं तर 'ट्रू' येतं, कारण 112 च्या पोटात 12 आहेच. रोल नंबर 12 ची हजेरी पूर्ण असली तरी बिचाऱ्याचं हॉल तिकीट अडकणार! आधी 'स्प्लिट'ने स्वल्पविरामावर तुकडे करा, मग त्या यादीत 'इन' लावा. तेव्हा अख्खा नंबर जुळावा लागतो. आणि सर्च बॉक्स रिकामा ठेवून कुणी एंटर मारलं तर? रिकामी स्ट्रिंग प्रत्येक स्ट्रिंगमध्ये सापडते, म्हणजे अख्खा वर्ग डिफॉल्टर!