अडीनडीचा पंधरवडा

25 मार्च 2020 रोजी कोरोनाची टाळेबंदी लागली, तेव्हा पांढुर्णा-सौंसरच्या शिवारात गहू-हरभरा काढणीचे दिवस होते. संत्रा आणि कपाशी ही इथली नगदी पिकं. पण अडचणीत घर तगतं ते कोठीतल्या तूर-ज्वारीवर. वर्षाची बेगमी सगळ्यांना झेपत नाही. पंधरा दिवसांची मात्र झेपते.

माणशी रोज 400 ग्रॅम धान्य आणि 75 ग्रॅम डाळ धरली, तर चौघांना 24 किलो धान्य आणि साडेचार किलो डाळ लागते. सोबत दोन लिटर तेल, दोन किलो गूळ, एक किलो मीठ. हे एकदम घ्यायची गरज नाही. अन्नसुरक्षा कायद्यानुसार पात्र कुटुंबाला राशनवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. त्यातलं किंवा बाजारातून आणलेल्यातलं दरमहा दोन किलो बाजूला काढलं, की वर्षात 24 किलो होतात. तूर घ्यायची ती नवा माल बाजारात आला की, भाव उतरलेला असताना.

खरी मेहनत टिकवण्यात आहे. कडधान्यातल्या भुंगेऱ्याची मादी अख्ख्या दाण्याच्या सालीवर अंडी घालते, अळी आत शिरून दाणा पोखरते. म्हणूनच तूर भरडून डाळ करून ठेवणं शहाणपणाचं. डाळीला हा भुंगेरा फारसा लागत नाही. अख्खं कडधान्य ठेवायचंच असेल, तर थोडं एरंडेल चोळा. त्या थराखाली अंडी जगत नाहीत. त्याआधी कडक उन्हं द्या. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, दबला तर ओल आहे. ऊन दिलेलं धान्य गार झाल्यावरच भरा, नाहीतर डब्यात वाफ धरते आणि बुरशी येते. कोठी भिंतीला टेकवू नका, खाली पाट ठेवा.

पीठ साठवू नका, ज्वारीचं तर नाहीच. ते लवकर कडू होतं. पण वीज गेली की चक्कीही बंद, म्हणून थोड्या कण्या भरडून ठेवा. पोहे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ हे चूल न पेटताही पोटाला आधार देतात. उन्हाळ्यातल्या वड्या आणि सरगुंडे असतील, तर भाजीवाचून अडत नाही.

साठा वेगळा पुजून ठेवू नका. जुनं आधी खा, नवं मागे भरा आणि डब्यावर भरल्याचा महिना लिहा. यंदाची तूर बाजारात आली, की दोन किलो जास्त घ्या आणि सुरुवात करा.