दहा बाय दहाच्या खोलीत बुलेट ट्रेन : जपानचा ‘एन गेज’ छंद नेमका चालतो कसा?

टोकियो ते ओसाका धावणारी एन ७०० मालिकेतील शिंकान्सेन १६ डब्यांची असते. लांबी सुमारे ४०० मीटर. हीच गाडी १६० पटींनी लहान केली, तरी अडीच मीटर भरते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या वळणाच्या रुळांची त्रिज्या असते ३१५ मिलिमीटर आणि तेवढ्या त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचा घेर होतो जेमतेम २ मीटर. म्हणजे अख्खी गाडी या वर्तुळावर ठेवायला गेलो, तर जागाच पुरत नाही. तोंड शेपटीवर आपटते!

या हिशेबात जपानमधील छोट्या रेल्वेच्या छंदाची सगळी गोष्ट दडलेली आहे. गाड्या लांब, घरे लहान. रूळ कसे बनवायचे, गाड्या कशा विकायच्या, त्या कुठे चालवायच्या आणि कशा पुसायच्या, हे सारे या एका अडचणीने ठरवले.

‘एन गेज’ म्हणजे काय?

दोन रुळांमधील अंतर, म्हणजे गेज, ९ मिलिमीटर असेल तर त्या छोट्या रेल्वेला ‘एन गेज’ म्हणतात. ‘एन’ हे ‘नऊ’साठीच्या इंग्रजी आणि जर्मन शब्दांचे पहिले अक्षर. पुण्यात कोथरूडचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांच्या डोळ्यांसमोर येणाऱ्या गाड्या ‘एचओ’ म्हणजे १:८७ प्रमाणाच्या. एन गेजची गाडी लांबीला त्यांच्या साधारण निम्मी.

या ९ मिलिमीटरची सुरुवात १९६०च्या दशकात जर्मनीच्या आर्नोल्ड कंपनीने केली. जपानमध्ये ती आणली ‘कातो’ने. या ब्रँडमागच्या कंपनीचे नाव सेकिसुई किंझोकु. तिने १९६५ साली सी ५० हे वाफेचे इंजिन आणि त्याला जोडायचे प्रवासी डबे बाजारात आणले. पुढे १९७६ मध्ये टोमी या खेळण्यांच्या कंपनीने ‘टोमिक्स’ हा ब्रँड सुरू केला. मायक्रोएस, ग्रीनमॅक्स अशी इतर नावेही आहेत, पण आजही दुकानात शिरले की पहिला प्रश्न येतो तो कातो की टोमिक्स, हाच.

रूळ रुंद का दिसतात?

जपानी एन गेजच्या लोकलकडे समोरून पाहिले की काहीतरी खटकते. गाडी पाय फाकवून उभी असल्यासारखी वाटते. ही नजरेची चूक नव्हे.

युरोप-अमेरिकेत मुख्य मार्गांच्या रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर आहे. त्याला १६० ने भागले की बरोबर ९ च्या आसपास उत्तर येते. जपानमधील जुन्या आणि आजच्याही बहुतांश मार्गांवर मात्र हे अंतर १०६७ मिलिमीटर आहे. त्यांच्या गाड्याही युरोपातील गाड्यांहून चणीने लहान. १६० पटींनी लहान केल्या तर त्या फारच बारीक होतात, आत मोटर बसवायला जागा उरत नाही. म्हणून जपानने थोडे मोठे प्रमाण निवडले, १:१५०. रूळ मात्र जगाबरोबर ९ मिलिमीटरचेच ठेवले. खरा हिशेब मांडला तर १०६७ ला १५० ने भागून ७.१ मिलिमीटर हवेत. म्हणजे प्रत्येक जपानी लोकल आपल्या हक्काच्या रुळांपेक्षा सव्वा पट रुंद रुळांवरून धावते.

शिंकान्सेनचे रूळ १४३५ मिलिमीटरचे असल्याने तिचे नमुने १:१६० प्रमाणात बनतात आणि रुळांवर अचूक बसतात. यातून एक गंमत होते. एकाच टेबलावर लोकल आणि बुलेट ट्रेन शेजारी उभ्या केल्या तर दोघींचे प्रमाण वेगळे असते. काही काटेकोर मंडळींना हे सहन होत नाही. ती ९ मिलिमीटरचे रूळ ठेवून गाडीच १:१२० प्रमाणात बनवतात, म्हणजे १०६७चा हिशेब जुळतो. पण असे नमुने कमी आणि महाग. बाकीच्यांनी रुंद रुळांशी कधीच जुळवून घेतले आहे आणि ते शहाणपणाचेच म्हणायला हवे. कारण या तडजोडीमुळेच गाड्यांची एवढी विविधता परवडण्याजोगी झाली.

रोज मांडायची, रोज आवरायची रेल्वे

पाश्चात्त्य छंदिष्टाचे चित्र ठरलेले असते : तळघरात किंवा गॅरेजमध्ये लाकडी चौकटीवर डोंगर, बोगदे, स्टेशन आणि रुळांचे कायमचे जाळे. जपानी शहरी घरात एवढी जागा नाही. सहा तातामी चटयांची खोली तिथे सर्वपरिचित. क्षेत्रफळ जेमतेम शंभर-एकशेदहा चौरस फूट. मुंबईकरांच्या भाषेत ‘दहा बाय दहा’. दिवसा बैठक आणि रात्री गाद्या अंथरायच्या, हा प्रकारही मुंबईकराला समजावून सांगायला नको.

त्यामुळे तिथे जमिनीवरच रूळ मांडून, तासभर गाड्या पळवून, पुन्हा सगळे खोक्यात भरायचे अशी पद्धत रुजली. तिला ‘ओझाशिकी उन्तेन’ म्हणतात, म्हणजे बैठकीच्या खोलीतले गाडी चालवणे. सुटे, नाजूक रूळ अशा वापरात टिकत नाहीत. म्हणून टोमिक्सने रुळांखाली प्लास्टिकची खडी जोडलेले, एकमेकांत खटकन बसणारे तुकडे आणले. १९८०च्या दशकात कातोनेही ‘युनिट्रॅक’ या नावाने अशीच पद्धत आणली. दोन्हींचे जोड वेगळे असल्याने एकाचा तुकडा दुसऱ्याला थेट बसत नाही. शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन मार्गांतील अंतरही कातोचे ३३ मिलिमीटर, तर टोमिक्सचे ३७. त्यामुळे पहिला रूळ विकत घेताना माणूस नकळत एका घराण्यात जातो आणि सहसा तिथेच राहतो. गाड्यांना मात्र हे बंधन नाही. कोणाचीही गाडी कोणाच्याही रुळांवर चालते.

वळणांच्या बाबतीत तर खरेपणाचा नाद सोडावाच लागतो. तोकाइदो शिंकान्सेनच्या मुख्य मार्गावर वळणाची किमान त्रिज्या २५०० मीटर धरलेली आहे. ती १६० पटींनी लहान केली तरी साडेपंधरा मीटर होते. वर्तुळ पुरे करायला लग्नाचा मोठा हॉल घ्यावा लागेल. घरात ती ३१५ मिलिमीटरवर आणली जाते. वेगाचे मात्र उलट. ताशी २८५ किलोमीटर या वेगाचा १६०वा भाग म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कमी. नवशिका गाडी बेफाम सोडतो. जुना खेळाडू ती इतकी हळू चालवतो की पाहुण्यांना कंटाळा यावा.

पूर्ण १६ डबे पळवायचेच असतील तर? त्यासाठी जपानच्या शहरांत भाड्याने रूळ देणारी दुकाने आहेत. मोठ्या टेबलावर स्टेशन, पूल, शहर असे सगळे कायमचे मांडलेले असते. आपली गाडी पेटीतून न्यायची, ठरावीक वेळेचे पैसे भरायचे, एक मार्ग ताब्यात घ्यायचा. शेजारच्या मार्गावर एखादे आजोबा वाफेचे इंजिन चालवत असतात, पलीकडे शाळकरी मुलगा लोकल.

गाडी अडते कुठे?

एन गेजची गाडी १२ व्होल्टपर्यंतच्या एकदिश विजेवर चालते. एका रुळातून प्रवाह येतो, चाकांतून मोटरमध्ये जातो आणि दुसऱ्या रुळातून परत फिरतो. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, प्रवाहाची दिशा बदलली की गाडी उलटी जाते. रुळाला वळवून त्याच रुळाला परत जोडले, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होते. पहिल्या आठवड्यात हा प्रयोग बहुतेक जण करतात.

सगळी वीज चाक आणि रूळ जिथे टेकतात त्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतून जाते. गाडी हलकी असल्याने चाक रुळावर फारसे दाबलेही जात नाही. त्यात जमिनीवरची धूळ, सतरंजीचे तंतू, हाताचे तेल. चाक-रुळांमध्ये उडणाऱ्या अतिसूक्ष्म ठिणग्यांमुळे त्यांचा काळा चिकट थर बनतो. गाडी आधी दिवे लुकलुकवते, मग आचके देते, मग बोटाने ढकलल्याशिवाय हलत नाही. मोटर बिघडली म्हणून दुरुस्तीला आणलेल्या गाड्यांपैकी कितीतरी निव्वळ मळलेल्या निघतात.

उपाय सोपा आहे, पण नेमाने करावा लागतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा कंपनीचे खास द्रावण मऊ कापडावर घेऊन रूळ पुसायचे. चाके पुसताना गाडी उलटी धरून कापसाच्या काडीने एकेक चाक फिरवायचे. डब्याच्या रंगाला द्रावण लागू द्यायचे नाही. सँडपेपर मात्र हद्दपार. रूळ ज्या धातूचे असतात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात. त्यात चांदी अजिबात नसते, आपल्याकडे भांड्यांमुळे माहीत असलेले जर्मन सिल्व्हर ते हेच. त्यावर ओरखडे पडले की त्या खाचांत मळ अधिकच घट्ट बसतो. टोमिक्सने तर रूळ पुसत, धूळ ओढत जाणारा सफाईचा डबाच काढला आहे.

तेलाच्या बाबतीत हात आखडता हवा. प्लास्टिकला चालणाऱ्या तेलात सुईचे टोक बुडवून तेवढाच थेंब गिअरला किंवा आसाच्या टोकाला पुरतो. जास्त झाले तर ते पसरते, धूळ धरते आणि मोटरच्या काही चाकांवर पकडीसाठी बसवलेल्या बारीक रबरी कड्यांपर्यंत पोहोचते. तेल प्यायलेली कडी फुगते, सैल होते आणि गाडी जागीच चाके फिरवत राहते. या कड्या वापरली नाही तरी जुन्या होतात. म्हणून जाणकार मंडळी गाडी घेतानाच एखादी जास्तीची पुडी घेऊन ठेवतात.

जमवणाऱ्यांची घाई कशासाठी?

जपानी कंपन्या एखादा नमुना वर्षभर सतत बनवत नाहीत. काही महिने आधी जाहीर करतात, दुकाने मागणी नोंदवून घेतात, एक घाणा निघतो आणि विषय संपतो. तोच नमुना पुन्हा निघेल की नाही, निघाला तर कधी, याचा भरवसा नसतो. त्यातच लांब गाड्या भागांत विकल्या जातात : आधी मूळ संच, मग वाढीव डब्यांचा संच. मूळ संच घेऊन ‘उरलेले पुढच्या पगारात’ म्हणणाऱ्याकडे पुढे अनेक वर्षे अर्धवट गाडी राहते. जुन्या गाड्यांचा बाजार तेजीत असतो तो यामुळेच.

दुसरे कारण जिव्हाळ्याचे आहे. टोकियोच्या उएनोहून होक्काइदोला जाणारी ‘होकुतोसेई’ ही निळ्या डब्यांची रात्रगाडी २०१५ मध्ये बंद झाली. तिच्यासारख्या ‘निळ्या गाड्यां’चे नमुने अजूनही निघतात आणि खपतात. ज्यांनी त्या गाडीने एकदा तरी प्रवास केला, त्यांना ती आता खोलीतच भेटते. अनेक नमुन्यांवर क्रमांक छापलेला नसतो; बारीक अक्षरांचा तक्ता सोबत येतो आणि मालक हवा तो क्रमांक घासून उमटवतो. आपण बसलो होतो तोच.

जपानी संच पुस्तकासारख्या उघडणाऱ्या पेटीत येतात, डबे मऊ स्पंजच्या खाचांत बसवलेले. फळीवर वीस गाड्या वीस पुस्तकांसारख्या उभ्या राहतात. पण हाच स्पंज दमट हवेत वर्षानुवर्षे राहिला की चिकट होऊन चुरा होतो आणि रंगाला धरतो. जपानलाही जूनमध्ये पावसाळा असतोच. आपल्या कोकणात किंवा मुंबईत तर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे आणि पावसाळा सरला की प्रत्येक पेटी उघडून, गाडी दहा मिनिटे फिरवून पाहणे, एवढे तरी करावेच.

भारतात चालवायची तर

पहिली काळजी विजेची. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तिथल्या बाजारासाठी बनवलेला कंट्रोलर फक्त पिनचा आकार बदलणारा प्लग लावून इथे जोडला तर तो जळतो. अ‍ॅडॉप्टरच्या मागचा मजकूर वाचावा. १०० ते २४० असे लिहिलेले नसेल तर व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुसरा प्रश्न आपल्या गाड्यांचा. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे १:१६० ला साडेदहा मिलिमीटर. जपानी लोकलला ९ मिलिमीटरचे रूळ रुंद पडतात, तर आपल्या गाड्यांना तेच अरुंद. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग मात्र १४३५ मिलिमीटरचा असल्याने तिला ते अचूक बसतील.

माथेरानच्या गाडीचे रूळ ६१० मिलिमीटरचे. ती १:७६ या मोठ्या प्रमाणात बनवली तर रुळांत ८ मिलिमीटर अंतर हवे, म्हणजे ९ च्या रुळांवर एक मिलिमीटर इकडेतिकडे. ब्रिटनमध्ये दोन फुटी गाड्यांचे नमुने याच युक्तीने बनतात आणि त्यांच्या पोटात अनेकदा तयार जपानी एन गेजची मोटर-चाके असतात. वरचा सांगाडा तेवढा आपला आपण बनवायचा.