हलके दप्तर, भरीव डबा

लहान मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा महाराष्ट्र शासनाचा नियम २०१५ पासून आहे. डब्यासाठी असा एका ओळीत बसणारा नियम नाही. डब्यातले अन्न पोट भरणारे हवे, वाढीला लागणारी प्रथिने, लोह आणि कॅल्शियम देणारे हवे आणि चार-पाच तास बंद राहूनही न बिघडणारे हवे. दप्तर आणि डबा यांचा विचार सहसा वेगवेगळा होतो. पहिली-दुसरीच्या मुलाचे दप्तर उघडून एकेक वस्तू तोलली, तर हा सगळा एकाच तयारीचा भाग असल्याचे लक्षात येते.

मानखुर्दमध्ये या तयारीला विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्रनगर, मंडाळा, साठेनगर, पीएमजीपी वसाहत, लल्लूभाई कंपाउंड अशा वस्त्या आणि पुनर्वसन इमारतींचा हा भाग महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरातील २४ विभागांमध्ये एम-पूर्वचा क्रमांक शेवटचा होता. अनेक घरांत एकच खोली असते, पाणी ठरावीक वेळीच येते आणि आई-वडील दोघेही सकाळी लवकर कामाला बाहेर पडतात. इथे मुलाची शाळेची तयारी करताना पैशाइतकाच वेळ, जागा आणि पाणी यांचा हिशोब मांडावा लागतो.

शाळेआधीची तयारी

पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याआधीची तीन वर्षे अंगणवाडी किंवा बालवाडीत जातात. अंगणवाडीत तीन ते सहा वयाच्या मुलांना दररोज सुमारे ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळतील एवढा आहार देण्याचा निकष आहे. चार मुलांबरोबर बसून, हात धुऊन, आपले आपण खाण्याची सवय मुलाला इथेच लागते.

राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राबवले जाते. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावे भरतात. मुलाचा शारीरिक, बौद्धिक, भाषिक, सामाजिक आणि अंकज्ञानाचा विकास तिथे खेळांतून पाहिला जातो आणि घरी करून घेण्याच्या सोप्या कृती आईला दाखवल्या जातात. त्यांना जोडून काही गोष्टींचा सराव घरी करून घ्यावा लागतो. डब्याचे झाकण उघडणे, बाटलीचे बूच लावणे, दप्तराची चेन ओढणे, बूट घालणे, शौचालयात जायचे आहे हे बाईंना सांगणे, ही कामे मुलाला पहिल्या दिवसाआधी आली पाहिजेत. घट्ट झाकणाचा डबा घरी आई उघडून देते, शाळेत तो न उघडताच परत येऊ शकतो. म्हणून नवा डबा विकत घेताना त्याचे झाकण मुलालाच उघडायला लावून पाहावे.

दप्तरात काय जड असते

लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतील आपल्या पहिल्या भाषणात मुलांच्या पाठीवरील ओझ्याचा प्रश्न मांडला. त्यानंतर नेमलेल्या यशपाल समितीचा अहवाल १९९३ मध्ये आला. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने इयत्तावार मर्यादा ठरवल्या. त्यानुसार पूर्वप्राथमिक वर्गाला दप्तरच नको. पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो आणि तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो वजन चालते. दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये, असेही हे धोरण सांगते. महाराष्ट्रात बालभारतीने वेगवेगळ्या विषयांचे पाठ एकत्र बांधून पुस्तकाचे भाग पाडले. त्यामुळे त्या त्या काळात एकच भाग शाळेत न्यावा लागत असे.

सहा वर्षांच्या मुलाचे वजन २० किलो धरले, तर त्याचे दप्तर २ किलोपर्यंत असावे. रिकामे दप्तर सुमारे ४०० ग्रॅम, अर्धा लिटर पाणी ५०० ग्रॅम, बाटली दीडशे ग्रॅम आणि भरलेला डबा साडेतीनशे ग्रॅम धरला, तर पुस्तक ठेवण्याआधीच १ किलो ४०० ग्रॅम होतात. वह्या-पुस्तकांसाठी उरतात फक्त ६०० ग्रॅम. शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी असेल आणि बाटली तिथे भरता आली, तर हीच जागा १ किलो १०० ग्रॅम होते. म्हणजे लहान वर्गांत ओझे ठरवण्यात पुस्तकांइतकाच शाळेतल्या नळाचा वाटा असतो. शाळांनी चांगले पाणी आणि पुरेसे भोजन द्यावे, म्हणजे मुलांना बाटली आणि डबा वाहावा लागणार नाही, असे दप्तर धोरणातही म्हटले आहे.

दप्तराची निवड

मुंबई महापालिका आपल्या शाळांतील विद्यार्थ्यांना २७ शालोपयोगी वस्तू मोफत देते. त्यांत गणवेश, बूट-मोजे, वह्या आणि दप्तर यांचा समावेश असतो. बाहेरून दप्तर घ्यायचे झाल्यास पुढील गोष्टी पाहाव्यात. दप्तर मुलाच्या पाठीपेक्षा रुंद नसावे आणि कमरेच्या फार खाली लोंबू नये. खांद्याचे पट्टे दोन, रुंद आणि गादी असलेले हवेत आणि ते दोन्ही खांद्यांवर घातले पाहिजेत. एकाच खांद्यावर अडकवलेल्या दप्तरामुळे मूल एका बाजूला कलते आणि मान-पाठ दुखते. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठे दप्तर घेण्याचा मोह टाळावा. मोठ्या दप्तरात सामानही जास्त भरले जाते.

भरताना जड वस्तू पाठीला लागून आणि हलक्या पुढे ठेवाव्यात. बाटली बाहेरच्या कप्प्यात उभी ठेवावी, म्हणजे पाणी सांडले तरी वह्या भिजत नाहीत. चाकांचे दप्तर सोयीचे वाटते, पण जिना चढताना त्यामुळे मुलांना इजा होऊ शकते, म्हणून दप्तर धोरणाने ते नाकारले आहे. मजल्यांवर भरणाऱ्या शाळा आणि जिन्यांच्या इमारती असलेल्या मानखुर्दला हे कारण थेट लागू पडते. घाटकोपर–मानखुर्द जोडरस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ असते. तो ओलांडताना मुलाचा एक हात मोठ्या माणसाच्या हातात हवा. शाळा जूनमध्ये, भर पावसात सुरू होते. लहान मुलासाठी छत्रीपेक्षा दप्तरासह अंग झाकणारा रेनकोट बरा, कारण त्यात दोन्ही हात मोकळे राहतात.

डब्यात काय असावे

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० कॅलरी, १६ ग्रॅम प्रथिने, ११ मिलिग्रॅम लोह आणि ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची गरज १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनांपर्यंत वाढते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला आणि ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. शाळेच्या उंबरठ्यावर येणारी मुले याच वयोगटातून येतात.

सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला शालेय पोषण आहार मिळतो. ही राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने शिजवलेले जेवण देणे बंधनकारक झाले. प्राथमिक वर्गातील मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरले जाते. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची निम्मी प्रथिनांची गरज यात भागते, कॅलरी मात्र जेमतेम चौथा हिस्सा. म्हणून शाळेत खिचडी मिळते त्या मुलाच्या डब्यात पुन्हा भात नको. खिचडीत जे कमी पडते, म्हणजे फळ, कॅल्शियम आणि लोह, ते घरून यावे : केळे किंवा पेरू, राजगिऱ्याचा लाडू, मूठभर फुटाणे.

पूर्ण डबा द्यायचा तेव्हा त्यात धान्य, डाळ किंवा अंडे आणि भाजी किंवा फळ, असे तीन घटक असावेत. मेथीचे थालीपीठ आणि दही, पोळीत गुंडाळलेली मटकीची उसळ, मुगाचे धिरडे, नाचणीचे घावन, शेंगदाणे व मटार घातलेले पोहे, अंड्याची पोळी हे सगळे मुलाला हाताने खाता येते. मानखुर्दच्या वस्त्यांत उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय आणि मुस्लिम कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. सत्तूचा पराठा, इडली आणि घट्ट सांबार, चण्याची घुगनी हे पदार्थही तेवढेच पोषक आहेत. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. पोह्यांवर लिंबू पिळले किंवा डब्यात आवळ्याची फोड ठेवली, तर क जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह अंगी लागते. चहा नेमके उलटे करतो. चहा-खारी किंवा चहा-पाव खाऊन शाळेत निघालेल्या मुलाला पोषण थोडेच मिळते आणि लोहही कमी शोषले जाते. पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. त्यांचा कूट करून चटणीत किंवा लाडवात घालावा.

डबा बिघडू नये म्हणून

मुंबईच्या दमट हवेत शिजलेले अन्न लवकर आंबते. गरम अन्न भरून लगेच झाकण लावले तर आत वाफ साचते आणि जंतू वाढतात. त्यामुळे वाफ जाऊ देऊन मग झाकण लावावे. ओल्या नारळाची चटणी, पातळ रस्सा आणि आदल्या दिवशीचा भात डब्यासाठी टाळावा. पोळी, थालीपीठ, सुकी भाजी, उसळ हे त्या मानाने टिकतात. पाणी उकळून गार करून भरावे. डबा आणि बाटलीचे बूच रोज धुवावे, विशेषतः रबराची कडी काढून धुवावी आणि कोरडी करावी.

वेळ वाचवण्यासाठी बरीचशी तयारी आदल्या संध्याकाळीच उरकता येते : मटकी भिजवणे, पालेभाजी निवडून ठेवणे, वेळापत्रक पाहून दप्तर भरणे. दप्तर मुलाने भरावे आणि मोठ्याने फक्त तपासावे. नको असलेल्या वह्या, खडे, जुन्या बाटल्या त्याच वेळी बाहेर निघतात.

शाळेच्या दारातला खाऊ

मे २०१७ मध्ये राज्य शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी ही मनाई शाळेच्या सभोवतालच्या ५० मीटरपर्यंत नेली. तरीही शाळा सुटताना मुलाच्या हातात पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट येते, कारण त्या वेळी त्याला खरोखर भूक लागलेली असते. दप्तरात त्या वेळेसाठी चिक्की किंवा केळे असेल, तर पाकिटाची ओढ कमी होते.

पालकांचा हक्क

घर जेवढे करते, तेवढेच शाळेनेही करायला हवे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळेत पिण्याचे सुरक्षित पाणी असणे सक्तीचे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पाण्याची टाकी कधी धुतली, पोषण आहाराची चव कोण घेते, दप्तरे वर्षातून किती वेळा तोलली जातात, वह्या वर्गात ठेवण्याची सोय आहे का, हे प्रश्न या बैठकीत विचारता येतात आणि विचारले पाहिजेत. मुलांना जंतनाशक गोळी आणि पाच ते नऊ वयोगटासाठीची लोहाची गुलाबी गोळी शाळेतून मिळते. ती मुलाने घेतली की नाही, हे आईने विचारून घ्यावे. दर सहा महिन्यांनी मुलाचे वजन-उंची मोजून नोंदवावी. त्या नोंदीवरून दप्तर किती किलोचे चालेल हे ठरते आणि डबा मुलाच्या अंगी लागतो आहे का, हेही कळते.