अवयव फ्रीजरमध्ये का ठेवत नाहीत?

दात्याचे हृदय काढल्यापासून साधारण ४ ते ६ तासांत रुग्णाच्या छातीत सुरू व्हावे लागते. मूत्रपिंड २४ ते ३६ तास तग धरते. म्हणूनच मुंबई-पुण्यात रुग्णवाहिकेसाठी ‘ग्रीन कॉरिडॉर’ करून रस्ता मोकळा केला जातो. पेटीतला अवयव ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेला असतो, पण गोठवलेला नसतो. वीर्य आणि भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकतात, मग हृदय का नाही?

अडचण बर्फाची आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. फ्रीजरमध्ये गोठलेला टोमॅटो बाहेर काढला की लिबलिबीत होतो, कारण बर्फाच्या स्फटिकांनी त्याच्या पेशी फाडलेल्या असतात. शिवाय पाण्याचा बर्फ झाला की उरलेल्या पाण्यात क्षार साचतात आणि पेशी आक्रसतात. भ्रूण इवलासा असल्याने संरक्षक द्रव त्यात सर्वत्र पोचतो. मुठीएवढ्या हृदयात ते जमत नाही.

यावर एक उपाय दाबात दडला आहे. बहुतेक पदार्थ दाबाखाली लवकर घट्ट होतात. पृथ्वीच्या गाभ्यातले लोखंड ५,००० अंशांपेक्षा जास्त तापलेले असूनही मध्यभागी घन आहे, ते तिथल्या प्रचंड दाबामुळे. पाण्याचे मात्र उलटे आहे. बर्फाला जागा जास्त लागते आणि दाब ती मिळू देत नाही. त्यामुळे हवेच्या दाबाच्या सुमारे २,००० पट दाबाखाली पाणी उणे २२ अंशांपर्यंत द्रव राहते. दाब त्याहून वाढवला, की पाण्यापेक्षा जड असा वेगळाच बर्फ तयार होतो आणि गोठणबिंदू पुन्हा वर चढतो. सुमारे १०,००० पट दाबाला तर पाणी खोलीच्या तापमानालाही गोठते! गुस्ताव टामान यांनी १९०० मध्ये आणि नंतर हार्वर्डचे पर्सी ब्रिजमन यांनी बर्फाची ही निरनिराळी रूपे शोधली. उच्च दाबावरील कामासाठी ब्रिजमन यांना १९४६ चे नोबेल मिळाले.

कॅलिफोर्नियातील बर्कलेचे बोरिस रुबिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर आधारित साधी युक्ती मांडली. मजबूत धातूची डबी द्रवाने काठोकाठ भरायची, अवयव आत ठेवायचा, झाकण घट्ट बसवायचे आणि थंड करायचे. एका कोपऱ्यात थोडा बर्फ होतो, पण फुगायला जागा नसल्याने डबीतला दाब आपोआप वाढतो आणि उरलेले पाणी गोठत नाही. अवयव या न गोठलेल्या भागात राहतो. साध्या पाण्याने भरलेल्या डबीत उणे ५ अंशांला हा दाब ६०० पटींच्या घरात जातो.

मात्र दाबही निरुपद्रवी नाही. याच ब्रिजमन यांनी १९१४ मध्ये दाखवले, की काही हजार पट दाबाखाली अंड्याचा पांढरा बलक न उकडताच घट्ट होतो. म्हणजे प्रथिनांची घडी दाबानेही मोडते. पेशींना सोसेल इतकाच दाब आणि अवयव टिकेल इतकी थंडी यांचा मेळ घालणे, हे संशोधकांपुढचे खरे काम आहे. तोपर्यंत हृदयाचा प्रवास घड्याळाकडे पाहतच होणार. रस्त्यात अवयव घेऊन निघालेली रुग्णवाहिका दिसली, तर तिला वाट देणे एवढे तर आजही आपल्या हातात आहे.